बंद कोळसा खाणीवरची जमीन: बसलेली आणि न बसलेली

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारले आहे. त्यांच्या आत्याची साडेसहा एकर जमीन वणी तालुक्यात आहे. ही आपली सप्तशृंगीकडची वणी नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातली, वर्धा नदीच्या खोऱ्यातली. जमिनीखालची कोळशाची खाण काही वर्षांपूर्वी बंद झाली. दोन एकर परातीसारखे खोलगट झाले आहे, कडेने भेगा आहेत, पावसाळ्यात पाणी साचते. आटलेल्या विहिरीला मात्र पुन्हा पाणी आले आहे. उरलेले साडेचार एकर मात्र जसेच्या तसे सपाट आहे. आतेभावाच्या मनात असे आहे की बिघडलेले दोन एकर सोडून द्यावे आणि चांगल्या साडेचार एकरात नाशिकसारखे शेततळे खोदून डाळिंब लावावे. यात काही धोका आहे का?

आहे. पण तुम्ही समजता त्याच्या नेमका उलट्या बाजूला आहे. जे दोन एकर बसले, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. जे साडेचार एकर बसले नाही, त्याच्या खाली काय आहे हे कळल्याशिवाय तिथे फावडासुद्धा लावू नका.

मी ३२ वर्षे विदर्भातल्या भूमिगत खाणींत सर्व्हेअर होतो. निवृत्त होऊन नाशिकरोडला आलो. इथून एकलहरेच्या वीज केंद्राकडे कोळशाच्या वाघिणी जाताना दिसतात. पण नाशिकच्या मातीखाली कोळसा नाही, आपल्या पायाखाली बेसॉल्टचे थरावर थर आहेत. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला ‘जमिनीखाली पोकळी असू शकते’ ही कल्पनाच नसते. कठीण खडक लागला की तो निर्धास्त होतो. तुमच्या आतेभावाला शेततळ्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर तो या निर्धास्तपणातून दिला असणार.

आधी खाली काय घडते ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या भूमिगत खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. कोळशाच्या थरात आडवे-उभे बोगदे काढायचे, त्यांना गॅलरी म्हणतात, आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवायचे. वरून नकाशा पाहिला तर बुद्धिबळाचा पट वाटतो. नियमाने गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच सहसा काढू देत नाहीत. या पहिल्या फेरीत पाव ते एक तृतीयांश कोळसा निघतो, बाकीचा खांबांत अडकून राहतो. मग दुसरी फेरी येते, डीपिलरिंगची. मागून पुढे येत एकेक खांब काढायचा आणि छत पडू द्यायचे. या कोसळलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. छत पडले की वरचे थर वाकतात आणि शेवटी जमीन बसते. थर ३ मीटर जाडीचा आणि कोसळलेला भाग पुरेसा रुंद असेल, तर वरची जमीन पावणेदोन मीटरपर्यंत खाली येऊ शकते. खांब काढल्यावर पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरली असेल, तर हेच बसणे थोड्या सेंटिमीटरांवर थांबते.

तुमचे परातीसारखे दोन एकर म्हणजे डीपिलरिंग झालेला भाग, हे मी न बघता सांगू शकतो. जे पडायचे ते पडले. अशा जमिनीची बहुतेक हालचाल पहिल्या एक-दोन वर्षांत उरकते, पुढचे एक-दोन पावसाळे ती थोडी कुरकुरते आणि मग शांत होते.

सपाट साडेचार एकराखाली तीन शक्यता आहेत. कोळसा काढलाच नसेल, तर उत्तम. वाळू भरून काढला असेल, तरीही चांगले. तिसरी शक्यता अशी की गॅलऱ्या काढल्या, खांब ठेवले आणि खाण तशीच बंद झाली. मग तुमची आत्या एका रिकाम्या इमारतीच्या गच्चीवर शेती करते आहे. हे खांब वीस वर्षे टिकतील किंवा साठ. पंप बंद झाले की खाणीत पाणी भरते, खांबाच्या बुडाशी चिकणमातीचा दगड असेल तर तो मऊ होतो आणि खांब त्यात रुततो. कोळशाचे कोपरे दरवर्षी थोडे थोडे झडत राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचे एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे हादरा बसताच बाहेर पळाली म्हणून वाचली. त्या दिवसापर्यंत ती जागा कोणालाही चांगलीच वाटत होती.

असा खड्डा कुठे पडेल याचा थोडा अंदाज बांधता येतो. जिथे दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात तो चौक सगळ्यात कमजोर, कारण तिथे छताची रुंदी जास्त. छत पडायला लागले की दगडाचा चुरा मूळ दगडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पोकळी वर सरकत सरकत आपोआप बुजते. ३ मीटर उंचीच्या गॅलरीची पोकळी साधारण ३० मीटर वर येईपर्यंत चुऱ्यानेच भरते, असा आमचा ढोबळ हिशोब. म्हणजे आवरण, म्हणजे गॅलरीच्या छतापासून जमिनीपर्यंतचा थर, त्याहून जास्त आणि खडकाळ असेल तर धोका कमी. पण वर नदीचा गाळ किंवा भुसभुशीत माती असेल आणि वरून पाणी झिरपत असेल, तर ते पाणी चुरा गॅलरीत वाहून नेते आणि हा हिशोब कोलमडतो. शेततळ्याला माझा विरोध आहे तो याच्यासाठी. प्लास्टिकचा कागद कुठेतरी फाटणारच, नाशिकमध्ये कोणाचा फाटला नाही? इथे कागद फाटला तर पाणी मुरते एवढेच. तिथे फाटला तर ते पाणी खालचा चुरा वाहून नेण्याचे काम रात्रंदिवस करत राहते. त्यात तळ्यातल्या पाण्याचे वजन, आणि खोदाईने कमी झालेले आवरण. बोअरवेलचेही तसेच. पोकळीत गेलेल्या बोअरमधून पाण्याऐवजी ऑक्सिजन नसलेली हवा वर येऊ शकते.

तेव्हा पहिले काम कागदांचे. खाण बंद करताना त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या कामांचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात सर्व्हे विभागाकडेही तो असतो. अर्ज करा, उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जात गट क्रमांक लिहून तीन गोष्टी स्पष्ट विचारा: या गटाखाली किती थरांत काम झाले, प्रत्येक थर किती खोल आणि किती जाड, आणि खांब आहेत की काढले, काढले असतील तर कोसळवून की वाळू भरून. सातबाराचा ‘इतर हक्क’ रकानाही बघा. कोळसा धारक क्षेत्रांसाठीच्या १९५७ च्या कायद्यात सरकारला पूर्ण जमीन घेता येते किंवा फक्त खालचे खनन हक्कही घेता येतात. दुसऱ्या प्रकारात जमीन शेतकऱ्याकडे राहते. नुकसान कोणाकडे आणि कशासाठी मागायचे हे यावर ठरते. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये, आणि सुधारून २०१३ मध्ये, खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम आणले. त्यात भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये, ऑगस्ट २००९ च्या भावाने, वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त याच कामासाठी राखलेल्या खात्यात, ठेवायचे होते. उघड्या खाणीसाठी हाच आकडा ६ लाख होता. पुढे हे आकडे बदलले. भूमिगत खाणीने वरची जमीन कमी बिघडते, असे त्यामागे गृहीत धरले आहे. ते बहुतांशी खरे आहे, पण ज्याच्या वावरात भेग पडली त्याला हे गृहीतक पटवून द्यायला मी कधी गेलो नाही. तुमच्या आत्याच्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा मागून घ्या. भेगा बुजवणे आणि पाण्याचा निचरा त्यात लिहिलेला असेल, तर ते काम मागण्याचा तुमचा हक्क आहे.

नकाशा हातात आला की तो गावनकाशावर बसवायचा, आणि इथे फार चुका होतात. जुने नकाशे फूट-इंचांच्या प्रमाणात काढलेले, उत्तर दिशा होकायंत्राची, कापड आकसलेले. गावनकाशाशी जुळवताना १५-२० मीटरचा फरक सहज पडतो. दोन्हींत सापडणारी किमान तीन ठिकाणे शोधा: जुनी विहीर, खाणीचे तोंड, रेल्वेचा रूळ, देऊळ. ती जुळली तरच नकाशा जुळला म्हणा. काम झालेल्या हद्दीच्या बाहेरही परिणाम पोचतो. सुरक्षेसाठी मी खोलीच्या ७० टक्के अंतर धरतो, म्हणजे १०० मीटर खोल कामाचा परिणाम हद्दीपासून ७० मीटर बाहेरपर्यंत.

आणि नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हे सर्व्हेअर असून सांगतो आहे. खाण शेवटच्या दिवसांत असताना खांबांच्या बाजू छिलून कोळसा काढण्याचा मोह होतो आणि ते छिलणे नेहमी कागदावर येत नाही. गावात निवृत्त सिरदार, ओव्हरमन (खाणीतल्या कामावर देखरेख करणारे) किंवा टिंबर मिस्त्री (छताला लाकडी टेकू लावणारे) नक्की असतील. त्यांच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या आणि विचारा, ‘काका, आमच्या वावराखाली शेवटी काय काय काढलं?’ नकाशा जे लपवतो ते ही माणसे सांगतात. १९७५ च्या २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या कामांतले साठलेले पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. जुनी कामे नेमकी कुठे आहेत, हा आमच्या धंद्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता भेगांकडे येऊ. तुमची जमीन काळी, भारी. ती उन्हाळ्यात फाटतेच, नाशिकला निफाडची जमीनही फाटते. म्हणून मे महिन्यात भेगा बघून घाबरण्यात किंवा नुकसानभरपाई मागण्यात अर्थ नाही. उन्हाच्या भेगा जाळीसारख्या, वाकड्यातिकड्या असतात आणि पावसाळ्यात मिटतात. खाणीच्या भेगा लांब, जवळजवळ सरळ, एकमेकींना समांतर आणि परातीच्या काठाकाठाने जातात. कधी एक कडा वर, एक खाली अशी पायरी दिसते. दिवाळीनंतर, जमिनीत ओल असताना, वावर फिरा. तेव्हाही ज्या भेगा उघड्या दिसतील त्या खालून आलेल्या. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि लांबी-रुंदी लिहून ठेवा. तारेचे कुंपण असेल तर त्याकडेही बघा. परातीच्या काठावर तार ताणलेली आणि मध्यभागी सैल असते, कारण जमीन काठावर ओढली जाते आणि मध्ये दाबली जाते.

भेग बुजवणे हे सगळ्या पुनर्वसनातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि सर्वांत वाईट रीतीने केले जाणारे. ट्रॅक्टरने माती लोटली की वरचे तोंड बंद होते, आत पोकळ राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळे आत जाते. नीट करायचे तर भेगेच्या बाजूने हात-दीड हात रुंद चर घ्या आणि शक्य तितका खाली घट्ट जमिनीपर्यंत न्या. वरची काळी माती वेगळी काढा. चरात चिकण माती आणि मुरूम थराथराने टाका, थोडे पाणी शिंपडा, प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. वर काळी माती पसरून वीतभर उंचवटा ठेवा, कारण ती बसणार. पुढच्या दिवाळीला पुन्हा बघा, पुन्हा भरा. चर खोदताना आत उतरू नका आणि खाली वाकून भेगेत डोकावू नका. आतून येणारी हवा जीव गुदमरवू शकते, विशेषतः आभाळ भरून आल्यावर, हवेचा दाब उतरतो तेव्हा.

भरायला खाणीजवळ पडलेला काळा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा काळा दगड, कधीही वापरू नका. माझ्या नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका खाणीवर हे मी स्वतः होऊ दिले. जवळ होता, फुकट होता, ढिगाने होता. त्यात कोळशाचा अंश असतो. दुसऱ्या हिवाळ्यात त्या रेषेवर सकाळी वाफ दिसू लागली, दव पडेना, गवत पट्ट्यापट्ट्याने करपले. उघड्या भेगेतून हवा खाली गेली आणि उरलेला कोळसा आपोआप तापायला लागला. ते थंड करायला आठ महिने लागले आणि त्या शेतकऱ्याची दोन पिके गेली. त्याच्या बायकोने मला विचारलेला प्रश्न, ‘साहेब, जमिनीला ताप आला का?’, अजून माझ्या कानात आहे. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसा खाणींत १९१६ मध्ये सुरू झालेली आग शंभर वर्षांनंतरही पूर्ण विझलेली नाही. म्हणून हिवाळ्यात पहाटे वावराला एक फेरी ठेवा. वाफ, रॉकेलसारखा वास किंवा दव नसलेला पट्टा दिसला तर त्याच दिवशी कळवा.

आता त्या खोलगट दोन एकराचे. भेगा बुजल्या, दोन पावसाळे हालचाल नाही, आणि शेजारी खाली कोणतीही चालू खाण नाही, एवढी खात्री झाली की हीच तुमची कामाची जमीन. नाल्याकडे उतार मिळत असेल तर चर काढून निचरा करा. शेजाऱ्याच्या धुऱ्यातून जावे लागेल, तेव्हा आधी लेखी संमती घ्या. सपाटीकरण करायचेच असेल तर वरची वीतभर माती आधी सोलून बाजूला रचा, खालची माती सरकवून उतार दुरुस्त करा आणि मग तीच माती वर पसरा. हे न केल्याने चांगली माती खाली गाडली जाते आणि वर चोपण येते. मग पंधरा वर्षे शेणखत टाकत बसावे लागते. निचरा होत नसेल तर सगळ्यात खालचा भाग पाण्याला सोडून द्या. मासे घ्या, शिंगाडा लावा. पूर्व विदर्भात शिंगाड्याची जाण असलेली माणसे आहेत. जे पाणी तिथे राहू पाहते त्याच्याशी भांडण्यात पैसा जातो.

पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा. मग ज्वारी, तूर. तुरीचे मूळ खोल जाऊन दाबलेली माती फोडते. खाणीच्या यार्डाचे, म्हणजे कोळसा साठवलेले किंवा ट्रक फिरलेले असे काही कोपरे असतील, तर तिथे नांगर पुरत नाही, खोलवरची घट्ट माती फोडणारा सबसॉइलर चालवावा लागतो. पडीक कोपऱ्यांत करंज, कडुनिंब, बांबू लावा. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची प्रेसमड आणि जिवाणू खते वापरून झाडी उभी केली. तुमची जमीन त्या ढिगाऱ्यांच्या मानाने कितीतरी चांगली आहे.

विहिरीचे पाणी आटून परत आले, हे अपेक्षितच. खाण चालू असताना पंप सतत पाणी उपसत होते, ते थांबले तशी पातळी चढली. पण हे पाणी आता जुन्या कामांतून फिरून येते. कोळशातल्या गंधकाच्या खनिजांमुळे त्यात सल्फेट, लोह, क्षार वाढलेले असू शकतात. सामू, क्षारता, सल्फेट आणि सोडियमचे प्रमाण तपासून घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. तांबूस गाळ बसत असेल तर ठिबकच्या तोट्या बुजतील, तेवढ्यासाठी का होईना तपासा. जर्मनीच्या रुहर भागात दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तिथले काही भाग २० मीटरहून जास्त खचलेले आहेत आणि पंप थांबवले तर वस्ती पाण्यात जाईल, म्हणून ते कायमचे चालवायचे ठरले आहे. त्यासाठी वेगळा निधी उभा केला आहे. आपल्याकडे खाणीचे तोंड भिंतीने बंद झाले की प्रकरण बंद, ही वृत्ती मला आयुष्यभर खटकत आली आहे.

सपाट साडेचार एकराचा निर्णय नकाशावर सोडा. खाली काम नाही किंवा वाळू भरलेली आहे असे निघाले, तर डाळिंब लावा. खांब उभे आहेत आणि आवरण ३०-४० मीटरच्या आत आहे असे निघाले, तर कोरडवाहूच ठेवा. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर चालेल. घर, गोठा, शेततळे, पाइपलाइन काही नको, आणि गॅलऱ्यांचे चौक जिथे येतात तिथे जड ट्रॅक्टर उभा करू नका. खोली जास्त असेल तर मधला मार्ग निघतो. त्यासाठी १५-१५ मीटरवर खुंट्यांची एक रेघ आखून लेव्हल घ्या, म्हणजे प्रत्येक खुंटीची उंची मोजून घ्या, तालुक्यातला कोणताही चांगला सर्व्हेअर हे करेल. फक्त दरवर्षी त्याच महिन्यात घ्या. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मेचा आकडा नोव्हेंबरच्या आकड्याशी ताडला तर उगीच भीती किंवा उगीच धीर मिळतो.

या दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये पहिली लेव्हल घ्या, त्याच वेळी भेगांची नोंद करा आणि तोवर नकाशासाठीचा अर्ज गेलेला असू द्या. नकाशाची प्रत मिळाली की मला दाखवा. गावनकाशावर ती कशी बसवायची ते आपण नाशिकरोडला माझ्या टेबलावर बसून एका सकाळी करू.